खांबाआडचा धर्म

लढताना माणसाने लपावे की नाही, हे प्रकरण वाल्मीकींच्या काळापासून पेंडिंग आहे. आडून बाण लागलेल्या वालीने मरता मरता साक्षात रामचंद्रांना जाब विचारला. त्यांनी दिलेल्या उत्तरांत एक असेही होते की, बाबा रे, तू पडलास वानर, आणि शिकारी जनावराला लपूनही मारतात. वालीचे समाधान झाले, असे वाल्मीकी म्हणतात. माझे मात्र झालेले नाही. बी.कॉम.ला हा विषय नव्हता, त्यामुळे असेल.

सांप्रत हा खटला आमच्या गोंदियात भाच्याच्या मोबाईलवर चालतो. खेळाचे नाव बीजीएमआय. शंभरेक माणसे एका बेटावर उतरतात आणि एकमेकांना टिपत शेवटी जो उरेल तो जिंकतो. याचा थोरला भाऊ पबजी सरकारने २०२० साली बंद केला. मग २०२१ साली हा आला, २०२२ च्या जुलैत हाही गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. बदली रद्द करून घेणाऱ्या माणसालासुद्धा इतके हेलपाटे पडत नाहीत.

या खेळात जिन्याखाली बंदूक रोखून गपचूप बसणाऱ्याला 'कॅम्पर' म्हणतात. भाचा हा शब्द असा उच्चारतो की, आपण कर्जबुडव्या हा शब्द त्यापेक्षा पुष्कळ मायेने उच्चारतो.

"मामा, हा काही खेळ झाला का जी? तो तर बसूनच राहिला!"

आता, वीस वर्षे काउंटरमागे बसलेल्या माणसापुढे बसण्याची निंदा करू नये, एवढा पोच हवा. नागझिऱ्याचा वाघ गवतात दबा धरून बसतो, त्याला कोणी भेकड म्हणत नाही. उलट जीपचे पैसे भरून बघायला जातात. गनिमी काव्याची तर आपण शाळेत उत्तरे लिहिली, तीही पाच मार्कांची.

पण गंमत अशी की, या बंदुकीच्या खेळांत पळणेही सोपे नाही. १९९९ साली निघालेल्या 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये धावत्या माणसाच्या गोळ्या भलतीकडेच जातात. नेम हवा तर थांबले पाहिजे, आणि कळ सोडली तरी अंग थोडे घसरतच जाते. म्हणून डावीकडे धावणारा क्षणभर उजवीची कळ दाबतो. दोन्ही वेग एकमेकांना खातात, शिल्लक शून्य, आणि त्याच क्षणी गोळी. मुले याला काहीतरी इंग्रजी नाव देतात. आमच्या वहीत ही सरळ काँट्रा एंट्री आहे.

लपणाऱ्यावर तर निसर्गाचाच राग दिसतो. कोपऱ्यातून एकदम डोकावणाऱ्याला आत बसलेला आधी दिसतो. डोकावल्याची बातमी मात्र दूरच्या कुठल्या यंत्राकडे जाऊन मग बसलेल्याला पोचते. फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा, पण गोळीला तेवढा पुरतो. बातमी उशिरा पोचणे म्हणजे काय, हे गोंदियाकराला वेगळे सांगायला नको. विदर्भ एक्सप्रेसने येणारी मुंबईची माणसे ते सांगतातच. शिवाय बीजीएमआयमध्ये एक वर्तुळ आकसत येते आणि बाहेर राहील त्याचा जीव कुरतडते, म्हणजे बसलेल्याला उठावेच लागते. कबड्डीतही दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा, नाहीतर बाद. बसण्याचा हक्क आहे, पण मुदतीचा. मुदत ठेवीसारखा.

याहून बारीक प्रश्न 'क्वेक'ने आणला, १९९६ साली. धावण्याच्या वेगाला त्यात मर्यादा होती, पण तिरके उड्या मारत अंग वळवत गेले की मर्यादा ओलांडता येई. करणाऱ्यांनी हे योजलेच नव्हते, ती हिशेबातली फट होती. पोरांनी महिनेमहिने घासून तिची कला केली. पुढे कोणी फट बुजवली, कोणी मुद्दाम ठेवली. ही चोरी म्हणावी का? आमच्याकडे फट सापडलेला माणूस एकटाच खातो आणि म्हणून चौकशी लागते. इथे फट सर्वांसाठी उघडी आहे आणि पाय ज्याचा त्याने घासायचा आहे. मी तरी याला मेहनत म्हणेन. आमचे ऑडिटर म्हणणार नाहीत.

मला खरा बोचतो तो वेगळाच प्रसंग. हा खेळ चौघांच्या टोळीनेही खेळतात. गडी जखमी होऊन पडला तर जोडीदाराने जवळ जाऊन त्याला उठवायचे असते. परवा भाच्याचा मित्र उघड्या मैदानात पडला. भिंत पंधरा पावलांवर, भिंतीमागे भाचा. मित्र "ये ना बे, ये ना" करत राहिला. गेला असता तर दोघेही मेले असते कदाचित, आणि नंबर घसरला असता. भाचा गेला नाही, आणि नंबर टिकला. मित्र आठवडाभर आमच्या गल्लीत फिरकला नाही.

एका शाखेत असेच झाले होते. पेन्शनच्या गर्दीत नव्या कारकुनाला लोकांनी घेरले आणि नेमके त्याच घटकेला सगळ्या जुन्या मंडळींना रेकॉर्डरूममध्ये निकडीची कामे निघाली. मी त्या दिवशी रजेवर होतो, मस्टर साक्षीला आहे. ते पोर नंतर कोणाच्या डब्यात हात घालीना.

शत्रूपासून लपलेल्याची बाजू मी रामचंद्रांपुढेही मांडीन. पण भिंतीमागून मित्राची हाक ऐकणाऱ्याची कोण मांडणार? भाच्याला विचारले, "तो हाका मारत होता, तेव्हा तू करत काय होतास?"

"होल्ड करून राहिलो होतो, मामा."

"म्हणजे?"

"बसून होतो."