पहिल्या ठिणगीचं उत्तर

डाळ उतू गेली, की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. तापलेलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगांचा उजेड देतं. याच ओळखीवर बुन्सेन आणि किरखॉफ यांनी १८६० च्या सुमारास सीझियम आणि रुबिडियम ही तोवर कुणाला ठाऊक नसलेली मूलद्रव्यं शोधून काढली.

दगड मात्र ज्योतीवर धरून असा सहज बोलत नाही. त्याला लेसर लागतो. १९ ऑगस्ट २०१२ रोजी मंगळावरच्या गेल विवरात ‘क्युरिऑसिटी’ गाडीने समोरच्या मुठीएवढ्या दगडावर लेसर रोखला. दहा सेकंदांत तीस झोत. प्रत्येक झोत दहा लाख वॉटहून अधिक शक्तीचा, पण टिकणारा सेकंदाच्या अब्जांश भागाच्या जेमतेम पाचपट. तेवढ्यात दगडाचा टाचणीच्या टोकाएवढा भाग वाफ होऊन चमकतो. गाडीवरची दुर्बीण ती चमक टिपते आणि वर्णपटमापी तिचे रंग सुटे करून आत काय काय आहे ते सांगतो. दगड बेसाल्टच्या जातीचा निघाला, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा भाऊबंदच. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ च्या ‘प्रज्ञान’नेही याच रीतीने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मातीत गंधक असल्याचं सांगितलं, तेव्हा मी हरखून गेले होते.

पण मनात घर करून राहिली आहे ती त्या मंगळावरच्या दगडाची एक बारीकशी गोष्ट. तीस झोतांपैकी फक्त पहिल्यात हायड्रोजन दिसला. दुसऱ्यापासून तो नाहीसा. कारण पहिला झोत दगडापर्यंत पोचलाच नव्हता, तो वरच्या थरावर पडला होता. मंगळावर सगळ्यावरच धूळ बसलेली असते. म्हणून दगडाची घडण ठरवताना सुरुवातीचे काही झोत हिशेबात धरत नाहीत. धूळ उडून जाऊ देतात, त्याच जागी पुन्हा पुन्हा विचारतात आणि मग येणारं उत्तर दगडाचं मानतात.

परवा फोनवर आईला विचारलं, “कशी आहेस?” “बरी आहे.” तिचं उत्तर नेहमी हेच. एरवी मी तेवढ्यावर फोन ठेवला असता, कामं पडलेली असतात. त्या दिवशी ठेवला नाही. जेवलीस का, शेजारच्या काकू आल्या होत्या का, जिना चढताना त्रास होतो का, असं विचारत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाली, “सोमवारपासून गुडघा धरलाय गं. तुला कशाला उगाच घोर.”

ते वरचं ‘बरी आहे’ खोटं होतं, असं म्हणवत नाही. सुरुवातीचे ते झोत शास्त्रज्ञ टाकून देत नाहीत, वेगळे काढून ठेवतात. धूळही मंगळाचीच. तिच्यात हायड्रोजन आहे, हे त्या पहिल्या ठिणगीखेरीज दुसऱ्या कुठल्याच ठिणगीने सांगितलं नसतं. आईच्या त्या दोन शब्दांतही गुडघ्याची खबर नव्हती, माझी काळजी होती.