थांबण्यातलं तप

आमच्या बोरगावच्या तालमीत पोरं पहाटे येतात, मारुतीच्या पाया पडतात आणि लगेच बैठकांना लागतात. सगळ्यांच्या डोळ्यांपुढं कोल्हापूरचं खासबाग मैदान असतं, शाहू महाराजांनी 1912 साली उभं केलेलं. एक फेरी झाली की मी "दम खा" म्हणतो. कुणीतरी हमखास म्हणतं, "वस्ताद, थांबलो तर अंग गार पडंल." अंग जितकं मोडेल तितकी मेहनत खरी आणि सोसणं जितकं जास्त तितकं तप मोठं, अशी त्यामागची समजूत. मला ती मान्य नाही.

बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जातो आणि त्याच वेळी भारही तोलतो. तंतूंना बारीक इजा होते ती मुख्यतः तिथं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या त्यामुळं. झटक्याची ताकद देणारा क्रिएटिन फॉस्फेटचा साठा अर्धा भरायला साधारण अर्धा मिनिट लागतो, जवळजवळ पुरता भरायला 3 ते 5 मिनिटं. त्याआधीच पुढची फेरी रेटली की बैठकीची ठेवण बिघडते, भार गुडघ्यांवर आणि कमरेवर येतो. अगदीच अति झालं तर स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात, लघवी काळपट होते, मूत्रपिंडांवर बेततं. 2016 साली अमेरिकेतले व्यायाम-संशोधक ब्रॅड शोएनफेल्ड यांच्या गटानं सरावातल्या तरुणांना 8 आठवडे वजनं उचलायला लावली. सेटमध्ये 3 मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद आणि स्नायूंची जाडी 1 मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दंभानं, हट्टानं शरीर पिळणाऱ्यांना आसुरी म्हटलं आहे, कारण ते देहात वसलेल्या देवालाही छळतात. तालमीतल्या पोरानं हे मनावर घ्यावं. दुखणं हा तपाचा पुरावा नव्हे.

पण खरा प्रश्न त्याहून खोल आहे. ताकद कमावतो कोण? जोर मी मारतो, हे खरं. पण दोन फेऱ्यांमध्ये साठा भरतो तो माझ्या हुकमानं नव्हे. रात्री झोपेत तंतू सांधले जातात तेव्हा तर 'मी' जागाही नसतो. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. कर्ता त्यातलं एक, आणि शेवटचं दैव. थांबायला घाबरणारा पोरगा उरलेल्या चौघांचं कामही स्वतःच्या नावावर घेऊ बघतो. विसाव्यात हे कर्तेपण खाली ठेवावं लागतं. ते जोर मारण्याहून अवघड, म्हणून मी त्यालाच तप म्हणतो.

बैठका मोजतो तसा विसावाही मी पोरांना मोजायला लावतो. ज्याला 3 मिनिटं स्वस्थ उभं राहता येत नाही, त्याला पुढची फेरी मिळत नाही.