अडवणं आणि अडवणूक

अमेरिकन फुटबॉल या खेळाशी मराठी माणसाचं जमत नाही, याचं पहिलं कारण असं की त्यात आपल्या ओळखीचा फुटबॉल कुठेच नसतो. चेंडू असतो, पण तो गोल नसतो. पाय असतात, पण ते चेंडूला क्वचितच लागतात. बावीस धिप्पाड माणसं डोक्यावर शिरस्त्राणं आणि खांद्यांवर गाद्या बांधून एकमेकांच्या अंगावर जातात, चार-पाच सेकंदांत बहुतेक सगळी आडवी होतात, शिट्टी वाजते, आणि मग पुढचं अर्धं मिनिट सगळेजण घोळक्यानं उभं राहून विचारविनिमय करतात. यातला विचारविनिमयाचा भाग तेवढा मला पहिल्या दिवशीच समजला. आमच्या बँकेत तो अर्ध्या मिनिटात उरकत नाही, एवढाच फरक.

माझा भाचा नोकरीनिमित्त मिनिआपोलिसला असतो. त्यानं एकदा रात्री फोनवरून मला हा खेळ समजावून दिला. म्हणाला, ‘‘मामा, अगदी सोपं आहे. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. समोरच्यांनी त्यांना जाऊ द्यायचं नाही.’’

‘‘मग या समोरच्यांना चेंडू कधी मिळतो?’’

‘‘त्यांना नाही मिळत. चुकून मिळाला तर मिळाला. त्यांचा अकरा जणांचा संचच वेगळा असतो. ते फक्त अडवतात. त्याचाच पगार घेतात.’’

फक्त अडवण्याचा पगार! एकवीस वर्षं काउंटरच्या काचेमागे काढलेल्या माणसाच्या अंगावर रोमांच उभे राहणार नाहीत तर काय? आपले भाऊबंद सातासमुद्रापलीकडेही आहेत आणि तिथे त्यांचे पुतळे उभारतात, हे ऐकून मी त्या खेळाकडे जरा आदरानं बघू लागलो.

भाच्यानं मग मला एका अडवणाऱ्याचं नाव सांगितलं : ॲलन पेज. (आमच्या आईनं दारातून नुसतं ‘पेज’ एवढंच ऐकलं आणि ‘कुणाला बरं नाहीये रे?’ म्हणून विचारलं. कोकणातल्या माणसाला पेज म्हटलं की आधी ताप आठवतो.) हे गृहस्थ १९४५ साली ओहायो राज्यातल्या कॅन्टन गावी जन्मले. नोटर डेम विद्यापीठातून पदवी घेऊन १९६७ साली मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघात दाखल झाले. जागा : डिफेन्सिव्ह टॅकल. म्हणजे अडवणाऱ्यांच्या फळीत अगदी मधोमध, जिथे सगळ्यात जास्त मार बसतो तिथे. संघाचा पोशाख जांभळा आणि फळीतले चौघे असे भयंकर, की लोक त्यांना ‘जांभळे नरभक्षक’ म्हणत. १९७१ साली असोसिएटेड प्रेसनं या पेजसाहेबांना वर्षातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरवलं. अडवणाऱ्याला हा मान मिळण्याची ती पहिलीच खेप. त्यानंतर आणखी एका अडवणाऱ्याला तो मिळाला, लॉरेन्स टेलरला, तोसुद्धा १९८६ साली. बाकी सगळी वर्षं, एखाद्या किक मारणाऱ्याचा अपवाद सोडला, तर चेंडू फेकणाऱ्यांची आणि घेऊन पळणाऱ्यांची.

आपल्याकडे तरी काय निराळं आहे? कबड्डीत चढाई करणाऱ्याचं नाव घेऊन पोरं गळा फाडतात. त्याचा घोटा धरून मातीत लोळलेल्या कोपऱ्यातल्या गड्याचं नाव विचारा, ते त्याच्या गल्लीतच माहीत असतं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्यामुळे जगातला कुठलाही अन्याय दिसला की आधी तो कुठल्या खात्यावर पडतो ते पाहतो. या अन्यायाचं मूळ मला हिशेबाच्या पद्धतीतच सापडलं. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक जमेला कुठेतरी नावे पडतं, एक पैसा इकडचा तिकडे होत नाही. पण न झालेल्या नुकसानाला त्या पद्धतीत खातंच नाही. झालेली चोरी लिहिता येते. न झालेली चोरी कुठल्या पानावर लिहिणार? जो घडवतो त्याची बेरीज मांडता येते. जो घडू देत नाही त्याच्या खात्यावर वर्षअखेर शिल्लक शून्य.

हे मी अलंकारिक बोलत नाही. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला, त्यानं चेंडू फेकण्याच्या आत आडवं करणं, याला त्या खेळात ‘सॅक’ म्हणतात. अडवणाऱ्याच्या आयुष्यातला हा परमोच्च क्षण. पण कुणी किती सॅक केले याचा अधिकृत हिशेब त्यांच्या लीगनं ठेवायला सुरुवात केली १९८२ साली. आणि पेजसाहेब निवृत्त झाले १९८१ च्या मोसमानंतर! पंधरा मोसम, सलग २१८ सामने, एकही चुकवलेला नाही, आणि अधिकृत रकाना कोरा. पुढे हौशी संशोधकांनी जुनी दप्तरं चाळून मोजदाद केली तेव्हा आकडा दीडशेच्या घरात गेला. पण तो अनधिकृत.

अडवणाऱ्याची चूक मात्र पक्क्या शाईत नोंदली जाते. पेजच्याच फळीत जिम मार्शल नावाचा खेळाडू होता. एकूण २८२ सामने सलग खेळलेला माणूस. पेज यायच्या आधी, १९६४ साली सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या सामन्यात त्याला चुकून चेंडू सापडला. अडवणाऱ्याला चेंडू सापडणं म्हणजे कारकुनाला अचानक तिजोरीची किल्ली सापडणं! मार्शल आनंदानं सुटला तो ६६ यार्ड पळत गेला. उलट्या दिशेनं. समोरच्या संघाला दोन गुण बहाल झाले. तो सामना मार्शलच्याच संघानं जिंकला, हे कुणाला आठवत नाही. ते ६६ यार्ड सगळ्यांना आठवतात.

आता यावरून मला आमच्या शाखेत माझ्या शेजारच्या काउंटरवर बसणाऱ्या बाई आठवतात. एकदा एक निवृत्त काका ठेवीची पावती घेऊन त्यांच्यापुढे आले. मुदतीच्या आत मोडायची, आणि सगळी रक्कम एका परगावच्या खात्यावर लगेच पाठवायची. काकांच्या खिशातला फोन चालूच होता आणि ते घडीघडीला त्याच्याशी ‘हो साहेब’ म्हणून बोलत होते. बाईंनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा काकांच्या घामाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘‘सही जुळत नाही.’’ काकांनी दुसरी केली. तीही जुळेना. मग सर्व्हर डाऊन झाला. मी शेजारीच बसलो होतो, माझा सर्व्हर व्यवस्थित चालू होता. पण मी काही बोललो नाही. तेवढ्यात बाईंनी आत जाऊन काकांच्या मुलाला फोन लावला. पुढे कळलं ते असं की फोनवरचे ‘साहेब’ अटकेची धमकी देऊन काकांना जन्माच्या पुंजीसकट धुवायला निघाले होते.

परिणाम काय? काकांनी मुलगा यायच्या आत तक्रारवहीत अर्धं पान भरलं. ‘ज्येष्ठ नागरिकांची अडवणूक.’ ती नोंद आजही वहीत आहे. वाचलेल्या पैशाची नोंद कुठेच नाही.

काका रागावले त्यात नवल नाही. त्यांचा शब्दही खोटा नव्हे, फक्त त्याचा पत्ता चुकला. अडवणूक नावाची वस्तू जगात आहेच. मयत नवऱ्याचं नाव एका कागदावर ‘दत्तात्रेय’ आणि दुसऱ्यावर ‘दत्तात्रय’, म्हणजे हे दोन निराळे गृहस्थ, असं धरून एका बाईंना तिच्याच पैशासाठी चार महिने खेपा घालायला लावणारं टेबल मी पाहिलेलं आहे. कुठलं ते सांगत नाही. सांगितलं नाही की निदान दहा-बारा टेबलांना आपल्याविषयीच लिहिलंय असं वाटेल, आणि तेच बरं.

आता खरी पंचाईत अशी की बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. काचेच्या आत एकजण बसलेला, बाहेर एकजण उभा, मध्ये एक कागद आणि ‘होणार नाही’ हे दोन शब्द. दोघांकडे नियमाचं पुस्तक असतं. दत्तात्रेयवाल्यालाही आपण राष्ट्राच्या संपत्तीचं रक्षण करतोय असंच वाटत असणार. मग ओळखायचं कसं?

याचं उत्तर मला त्या खेळाच्या नियमांत सापडलं. अडवणारा कितीही दांडगा असला तरी ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला तो मिठी मारून पाडू शकत नाही. पाडलं तर पंच पिवळं फडकं फेकतो आणि दंड होतो. शिट्टी वाजल्यानंतर अंगावर गेलात, तरी दंड. म्हणजे अडवण्याआधी एवढंच बघायचं की चेंडू कुणाच्या हातात आहे. आपण बाजूला झालो तर पुढे कोण पळत सुटेल? काकांच्या बाबतीत बाई बाजूला झाल्या असत्या तर पळाले असते ते फोनमधले साहेब. दत्तात्रेयांच्या पत्नीला वाट दिली असती तर पुढे गेली असती ती फक्त एक थकलेली बाई, आणि ती पळणारही नव्हती, चालत एसटी स्टँडवर गेली असती. धावत्याला अडवणं हे काम आहे. अडलेल्याला अडवणं ही अडवणूक.

पेजसाहेबांना दोन्ही बाजू कळत असाव्यात, कारण अडवणूक त्यांच्याही वाट्याला आली. खेळता खेळता त्यांनी १९७८ साली कायद्याची पदवी घेतली. शिवाय पळण्याचा नाद लागून ते पुढे मॅरेथॉन पळण्यापर्यंत गेले. त्यात वजन बरंच उतरलं. नरभक्षकानं बारीक होऊन कसं चालेल? त्याच साली संघानं त्यांना काढून टाकलं आणि शिकागो बेअर्सनं शंभर डॉलर फी भरून उचललं. तेव्हाच्या भावानं साधारण आठशे रुपये. घसारा वजा जाता पुस्तकी किंमत! ते निमूटपणे आणखी तीन मोसम खेळले.

पुढे वकिली करून ते १९९२ साली मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी उभे राहायला निघाले. तिथे न्यायाधीश निवडणुकीनं येतात. तर निवडणूकच गायब! त्या जागेवरच्या न्यायाधीशांना पूर्ण पेन्शन मिळावं म्हणून गव्हर्नरसाहेबांनी त्यांची मुदत वाढवून दिलेली. पेन्शनसाठी मुदतवाढ ही कल्पना मला मनापासून पटते. पण पेजसाहेबांना ती पटली नाही. त्यांनी दावा लावला, खास नेमलेल्या न्यायाधीशांपुढे तो जिंकला, निवडणूक घ्यायला लावली आणि तीही जिंकली. त्या न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. २०१५ साली सत्तरी गाठल्यावर नियमाप्रमाणे निवृत्त झाले. तोपर्यंत बावीस वर्षं न्यायाचं, म्हणजे बरंचसं अडवण्याचंच, काम केलं.

आणि ज्या वर्षी, १९८८ साली, त्यांचा अर्धपुतळा कॅन्टनच्या फुटबॉल कीर्तिमंदिरात बसला (त्या इमारतीच्या बांधकामावर त्यांनी पोरवयात मजुरी केली होती), त्याच वर्षी त्यांनी गोऱ्येतर मुलांना शिष्यवृत्त्या देणारी संस्था काढली. अट एकच : पैसे घेणाऱ्यानं आपल्यापेक्षा लहान मुलांना शिकवायला वेळ द्यायचा. ज्याला वाट मिळाली त्यानं मागच्याला वाट करून द्यायची. जन्मभर वाट रोखून उभं राहिलेल्या माणसाला ही अट सुचावी, याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं. आता वाटत नाही. वाट कुणाची रोखायची हे ज्याला नीट कळतं, त्याला ती कुणासाठी सोडायची हेही कळत असणार.

आमच्या शेजारच्या बाई येत्या जूनमध्ये निवृत्त होतील. निरोपाचं भाषण माझ्याकडे आहे. त्यांच्या नावावर कुठलं मोठं कर्जवाटप नाही की ठेवींचा उच्चांक नाही, तेव्हा बोलायचं काय, असं व्यवस्थापकसाहेबांनी मला काळजीनं विचारलं. मी बाईंनाच म्हटलं, ‘‘तुमच्यामुळे काय काय झालं नाही, त्याची यादी द्या.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मोजलंय कुणी?’’

काकांनी तक्रार अजून मागे घेतलेली नाही. मात्र हल्ली ते दर महिन्याला बाईंच्याच रांगेत उभे राहतात. माझा काउंटर रिकामा असला, तरीसुद्धा.