रदबदली कुठे संपते आणि वशिला कुठे सुरू होतो?



आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं-नातवंडं आज अमेरिकेत आहेत. त्यामुळे तिकडच्या कोर्टकचेऱ्यांच्या बातम्या आपल्या ग्रुपवरही फिरतात. त्यात एक गोष्ट पुष्कळांना खटकते. कुणावर संशय आला की त्याचा वकील सरकारी वकिलाला आधीच जाऊन भेटतो आणि म्हणतो, "याच्यावर खटला भरू नका." आपल्याला लगेच वाटतं, ही तर सेटिंग झाली! पण खरंच तसं आहे का? या वेळी आम्ही सेवेकरी भगिनींनी याच प्रश्नावर विचार करायचं ठरवलं. प्रश्न कोर्टाचा दिसतो, पण आहे नीतीचा.

आधी तिकडची पद्धत समजून घेऊ. आपल्याकडे तपास करून आरोपपत्र दाखल करतात ते पोलीस. अमेरिकेत आरोप ठेवायचा की नाही, हे मुख्यतः सरकारी वकील ठरवतो. केंद्राच्या गंभीर गुन्ह्यांत ग्रँड ज्युरीची, म्हणजे १६ ते २३ नागरिकांच्या मंडळाची, मान्यता लागते. पण त्या खोलीत संशयिताच्या वकिलाला प्रवेश नसतो. संशयिताच्या बाजूचा पुरावा त्या मंडळापुढे मांडायलाच हवा, अशी सक्ती सरकारी वकिलावर नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली ठरवलं. न्याय खात्याचा स्वतःचा नियम मात्र ठोस पुरावा असेल तर तो मांडा, असं सांगतो. म्हणजे आरोपाआधी दुसरी बाजू कुणाला ऐकवायची, तर ती सरकारी वकिलालाच.

१९४० साली तिथले अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांनी आपल्याच सरकारी वकिलांना बजावलं होतं की माणसाचं आयुष्य, स्वातंत्र्य आणि अब्रू यांच्यावर देशात तुमच्याइतका ताबा दुसऱ्या कुणाचा नाही. ज्याच्या हातात एवढी ताकद, त्याच्या कानावर दोन्ही बाजू आधी गेल्या तर वाईट काय?

मग वकील तिथे जाऊन सांगतो तरी काय? चांगला वकील कागद घेऊन जातो. पुरावा इथे तोकडा आहे. हा मेल अर्धाच वाचला गेलाय. पैसे परत केलेत. दंड किंवा दिवाणी दावा पुरेसा आहे, तुरुंग कशाला? केंद्रीय सरकारी वकिलांसाठी लेखी तत्त्वं आहेत, त्यांतही हेच विचारलंय: दोष सिद्ध होण्याजोगा पुरावा आहे का, दुसरा पुरेसा उपाय आहे का, माणसाची परिस्थिती काय, आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं हित कशात आहे. वकिलाने आपल्या आशिलाचं सगळं सांगायलाच हवं असं नाही, पण खोटं सांगायची मुभा त्याला नाही. गप्प राहणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं, हे आपणही जाणतोच.

ही विनंती ऐकली नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण. दाभोळमुळे आपल्याला ठाऊक झालेली एन्रॉन कंपनी बुडाली, तेव्हा तिचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या जुन्या फर्मवर कागदपत्रं नष्ट केल्याचा आरोप आला. फर्मच्या वकिलांनी विनवणी केली की खटला भरलात तर फर्म उरणार नाही. मार्च २००२ मध्ये आरोप जाहीर झाला, जूनमध्ये दोषी ठरवलं गेलं, आणि एकट्या अमेरिकेतल्या सुमारे २८,००० माणसांची फर्म मोडली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने रद्द केला, कारण ज्युरीला कायदाच चुकीचा समजावला होता. कागद नष्ट झाले नव्हते असं न्यायालय म्हणालं नाही. पण तोवर, ज्यांनी एक चिटोरंही फाडलं नव्हतं अशा हजारोंची नोकरी गेली होती. कधीकधी आरोप हीच शिक्षा होऊन बसते.

आता दुसरी बाजू. फ्लोरिडात जेफ्री एपस्टीन या धनाढ्य माणसावर अल्पवयीन मुलींच्या शोषणाचा आरोप होता. २००७ साली केंद्रीय आरोपपत्राचा ५३ पानी मसुदाही तयार झाला होता. त्याच्या नामांकित वकिलांनी बोलणी केली, आणि केंद्रीय खटला न भरण्याचा करार झाला. राज्याच्या कोर्टात कमी गुन्हे कबूल करून तो सुमारे १३ महिन्यांत बाहेर आला. आणि त्या मुली? त्यांना कराराची कल्पनाच दिली नव्हती. २०१९ साली एका न्यायाधीशांनी हा पीडितांच्या हक्काचा भंग ठरवला. पुढे अपिलात म्हटलं गेलं की खटलाच भरला गेला नव्हता, त्यामुळे त्या कायद्याखाली त्यांना दाद मागता येत नाही. म्हणजे दार बंद झालं ते झालंच.

दोन्ही ठिकाणी वकिलांनी विनंतीच केली होती. मग फरक कुठे? बायकांच्या चर्चेत बराच खल झाला आणि आम्ही एका कसोटीपाशी येऊन थांबलो: ज्याला दुखापत झाली, त्याच्या समोर हीच विनंती याच शब्दांत करता येईल का? करता येत असेल तर ती रदबदली. त्याला बाहेर ठेवूनच करावी लागत असेल तर तो वशिला. कृष्णशिष्टाई आठवा. ती भर सभेत झाली, दाराआड नाही.

या कसोटीने सगळं सुटत नाही, हेही खरं. अमेरिकेत गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, पण त्याचा हक्क साधारणपणे औपचारिक कारवाई सुरू झाल्यावरचा. आरोपाआधी जाऊन बोलायला वकील हवा तर तो बहुतेक पदरमोड करूनच करावा लागतो. विनंती चांगली असली, तरी ती करायला माणूस ठेवण्याची ऐपत सगळ्यांची कुठे असते? इथे दोष एका वकिलाचा नाही, व्यवस्थेचा आहे.

आपल्याकडचं पाहिलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत याच कसोटीशी जुळणारी एक गोष्ट आहे. सरकारी वकील कोर्टाच्या संमतीने खटला मागे घेऊ शकतो, ही सोय जुनीच. पण आता पीडिताचं म्हणणं ऐकून घेण्याची संधी दिल्याशिवाय कोर्टाला तशी परवानगी देता येत नाही (कलम ३६०). आम्हाला हा बदल फार मोलाचा वाटला.

आणि घरात, मंडळी? तिथे सरकारी वकील आपणच असतो की! कपाटातली अंगठी दिसली नाही की कामवाल्या ताईंवर बोट जातं. बोट जाण्याआधी त्यांचं ऐकलं का? उलट घरच्या मुलाने शेजाऱ्याचं नुकसान केलं, तर "जाऊ द्या, लहान आहे" ही रदबदली आपण त्या शेजाऱ्यासमोर करतो, की परस्पर सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावतो? दोन्हीकडे ऐकून घेणं महत्त्वाचं, पण कुणाचं ऐकायचं राहून गेलं, तेही बघायला हवं.

या गुरुवारी जेवणं आटोपल्यावर घरच्यांशी यावर बोला. मुलांची मतं वेगळी असतील, तीही ऐका आणि ग्रुपवर जरूर कळवा.

आपल्या,
सेवेकरी भगिनी