खिदमतीची मजुरी

"तीन-तीन बेटे हैं, और पराई औरत के हाथ से निवाला!"

फूफीजान हे वाक्य अम्मीसमोर बोलल्या नाहीत. निघताना, दारात चपला घालता घालता, आम्हाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलल्या. आत अम्मी काकूंच्या हातून खिचडी खात होती. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून घास ओघळला की काकू तो पदराने नव्हे, बाजूला ठेवलेल्या ओल्या फडक्याने टिपत होत्या. आम्ही फूफीजानना रामटेकच्या बसस्थानकावर सोडून आलो. वाटेत कोणी काही बोलले नाही. पण ते वाक्य घरात राहिले आणि अजून आहे.

आम्ही तीन भाऊ, एक बहीण. थोरले भाईजान नागपूरला, मधले कामठीला, बहीण भंडाऱ्याला दिलेली. अम्मी रामटेकला, आम्हा धाकट्यांकडे. आम्ही नवराबायको दोघेही उर्दू शाळेत शिकवतो. अम्मीला लकवा झाला, उजवी बाजू गेली. पहिले जवळजवळ वर्षभर तिचे न्हाणे-धुणे, औषध, रात्रीचे उठणे, सगळे घरातल्या सुनेने केले. तिच्या हक्काच्या रजा संपल्या, मग बिनपगारी रजा सुरू झाल्या. त्या वर्षात ह्याच फूफीजान येत, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवीत आणि म्हणत, "बहू हो तो ऐसी." मोहल्ल्यात आम्हा तिघा भावांचे नाव झाले. मुलांनी आईची खिदमत करावी ती अशी, असे लोक म्हणत. वस्तुतः आम्हा तिघांपैकी एकानेही अम्मीला कधी कूस बदलून दिली नव्हती.

फूफीजानच्या वाक्याने आम्हाला आधी राग आला, मग हिशेब करायला लावले. आईची खिदमत हा औलादीवरचा फर्ज आहे, ह्यात वाद नाही. सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आईबापांपुढे कंटाळ्याचा साधा उद्गारही काढू नका अशी ताकीद आहे. पण ती ताकीद मुलांना आहे. सुनेवर सासूसासऱ्यांची खिदमत शरीअतने लादलेली नाही, हे हनफी उलेमा स्पष्ट सांगत आले आहेत. तिने केली तर तो तिचा चांगुलपणा, न केली तर गुन्हा नाही. म्हणजे आमच्या घरातला फर्ज आम्ही फार पूर्वीच दुसऱ्याच्या गळ्यात घातला होता. काकू आल्या तेव्हा तो दुसऱ्यांदा हस्तांतरित झाला, एवढेच. पहिल्या वेळी समाजाने शाबासकी दिली, कारण त्यात पैसा नव्हता. दुसऱ्या वेळी बोल लावला, कारण आता दर महिन्याच्या पाच तारखेला नऊ हजार रुपये मोजले जातात, तिघा भावांचे तीन-तीन हजार.

तर मग अडचण कशाची आहे? परक्याच्या हाताची, की त्या हाताला दिलेल्या मजुरीची?

जुम्याच्या बयानात आईबापांचा विषय निघाला की हजरत उवैस करनी यांचे नाव येतेच. आईच्या खिदमतीपायी ते मदीनेला प्रेषितांच्या (स.) भेटीला जाऊ शकले नाहीत, हे ऐकताना मशिदीत म्हाताऱ्यांचे डोळे भरून येतात. ते खरेच आहे आणि मोठे आहे. पण ह्याच दीनमध्ये दाई हलीमाही आहेत. बनी सअद टोळीतल्या त्या बाया मक्केला आल्या होत्या त्या मजुरीसाठी. शहरातली तान्ही बाळे दूध पाजायला न्यायची, बापाकडून मोबदला घ्यायचा, हा त्या काळचा रीतसर व्यवसाय होता. सीरतची पुस्तके तर सांगतात की हे बाळ यतीम आहे, ह्याचे कोण काय देणार, म्हणून इतर बायांनी नाकारले आणि रिकाम्या हाताने परत कसे जायचे म्हणून हलीमांनी घेतले. इतके सरळ सांगितले आहे. प्रेषितांचे (स.) संगोपन एका मोलाच्या बाईने केले, हे सांगायला आपल्या जुन्या लेखकांना संकोच वाटला नाही.

कुरआननेही वाटू दिला नाही. सूरह बकरहच्या 233व्या आयतीत मुलाला दुसऱ्या बाईकडून दूध पाजून घेण्यात गुन्हा नाही म्हटले आहे. अट एवढीच की ठरलेला मोबदला भल्या रीतीने तिच्या हाती द्यावा. सूरह तलाकमध्ये तर तलाक दिलेल्या बायकोने आपलेच मूल पाजले तरी तिला तिची उजरत द्या असा हुकूम आहे. आईच्या दुधालाही मजुरी! आमच्या समाजात हे वाक्य मोठ्याने म्हटले तर लोक दचकतील. पण आयत तीच आहे.

आणि परक्याचा आजार अंगावर घेणे हे हलके काम आहे ही समजूत तरी कुठून आली? खंदकाच्या लढाईत जखमी झालेले सअद बिन मुआज यांना मस्जिद-ए-नबवीच्या आवारात रुफैदा नावाच्या बाईंच्या तंबूत ठेवले होते. जखमींची शुश्रूषा हेच त्यांचे काम. आपल्या नागपुरात 1921 साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने ह्या दोन विधवांनी मातृसेवा संघ काढला. दोघी नर्सिंग शिकलेल्या. बाळंतिणीचे रक्त, मैला, विटाळ ह्याला चांगल्या घरची बाई हात लावते हे त्या काळच्या नागपूरला रुचले नसणार, हे सांगायला इतिहासकार नको. त्याच संस्थेने पुढे वृद्धांसाठीही घर चालवले. शुश्रूषा शिकावी लागते, ती नुसती माया नव्हे, हे आपल्या जिल्ह्याला शंभर वर्षांपासून ठाऊक असायला हवे.

आम्हाला ते काकूंनी शिकवले. काकू पूर्वी नागपूरच्या एका दवाखान्यात आया होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी अम्मीची पाठ पाहिली आणि कमरेखालचा लालसर डाग आम्हाला दाखवला. "दर दोन घंट्यानं कूस बदलाले लागते जी, नाही तं चार दिवसात जखम होते." वर्षभर एवढ्या मायेने सेवा झाली, पण हे कोणालाच माहीत नव्हते. जड माणसाला ओढून नव्हे, खाली चादर घालून चादरीसकट सरकवायचे. भरवताना मान मागे जाऊ द्यायची नाही, नाहीतर ठसका लागतो. लुळ्या हाताला अंगरखा आधी चढवायचा आणि उतरवताना शेवटी काढायचा. हे ज्ञान आहे. आमच्या बी.एड.ला जितके ज्ञान आहे तितकेच.

वजूचे मात्र त्या आमच्याकडून शिकल्या. अम्मी पलंगावर बसून इशाऱ्याने नमाज अदा करते. आधी पाणी हातावर तीनदा, मग चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावर ओला हात, मग पाय. हा क्रम काकूंनी चार दिवसांत पाठ केला. आता आम्ही घाईत काही विसरलो तर त्याच म्हणतात, "नाक राह्यलं जी." त्या सकाळी येताना गडमंदिराकडे हात जोडून येतात आणि आमच्या अम्मीला असरच्या नमाजसाठी तयार करून घरी जातात. ह्याचे आम्हाला फार अप्रूप वाटे. आम्ही ते लोकांना सांगतही असू. सांगताना आपण मोठे उदार आहोत असेही वाटे, हे कबूल केले पाहिजे.

मग ती शिक्षण परिषद झाली. केंद्रातल्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा जमतात. त्यात गैरहजर मुलांचा विषय निघाला. हा विषय आम्हाला पाठ आहे. आमच्या वर्गात हजेरीपटावर काही मुलींच्या नावापुढे महिन्यातून आठ-दहा वेळा गैरहजेरी लागते. कारण विचारले की उत्तर एकच: "छोटे भाई को संभालना था, अम्मी काम पर गई." धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर मराठी शाळांतही हेच चित्र असते. आम्ही पालकांना बोलावतो, तावातावाने समजावतो. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींचे शिक्षण सक्तीचे आहे, हेही सांगतो.

त्या दिवशी जवळच्या एका खेड्यातले जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी बोलले. त्यांच्या सहावीतली एक हुशार मुलगी चार महिन्यांपासून अर्धे दिवसही येत नाही. घरी अडीच वर्षांचा भाऊ आहे. बाप बाहेरगावी कामाला. "आई रामटेकला कोण्या मास्तरच्या घरी पेशंट सांभाळते म्हणे."

चहा आला होता. आम्ही चहाकडे पाहत राहिलो. आमचे घर आहे ते, असे आम्ही त्या सभेत म्हणालो नाही.

चार महिने काकू आमच्या घरी सकाळी दहाला येत होत्या आणि त्यांच्या घरी काय चालते हे आम्ही विचारले नव्हते. विचारले होते ते एवढेच, की उद्या येणार ना? त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला त्यांनी दोन दिवस मागितले तेव्हा आम्ही एक दिला. ईदच्या दिवशी पाहुणे येणार म्हणून त्यांना मुद्दाम बोलावले. शीरखुर्म्याचा डबा भरून दिला, त्याने आमचे समाधान झाले.

म्हणजे फूफीजान जिथे बोट ठेवत होत्या तिथे दुखणे नव्हतेच. खिदमत भावांकडून सुनेकडे आली, सुनेकडून काकूंकडे, आणि काकूंच्या घरची खिदमत त्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीकडे. तिच्या खाली सोपवायला कोणी नव्हते. तिचे ओझे तिच्याच शाळेच्या दिवसांतून वजा झाले. आम्ही दिलेल्या नऊ हजारांत तिची मजुरी धरलेली नव्हती.

कायद्याने इथे काय होते? 2007चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलांना पोटगी द्यायला लावतो, वाऱ्यावर सोडले तर तीन महिन्यांपर्यंतची कैद सांगतो. कूस कोणी बदलायची हे तो सांगू शकत नाही. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्राने 2008 साली कल्याण मंडळाचा कायदा केला; काकूंनी त्याचे नावही ऐकले नव्हते आणि नोंदणी करा म्हणून सांगणारे आम्ही, आम्हीही गप्प होतो. अंगणवाडीच्या वर्गात तीन वर्षांवरचे मूल बसते, तेही काही तासच. 2022पासून सरकारची 'पाळणा' नावाची योजना आहे, अंगणवाडीला जोडून पाळणाघर. काकूंच्या गावात ते नाही.

सीरतमधली दाई हलीमांची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या आठवड्यात ती पुन्हा वाचताना एका जागी थांबलो. हलीमा मक्केला आल्या तेव्हा त्यांच्या कडेवर स्वतःचे बाळ होते. दुष्काळाचे वर्ष, अंगावर दूध नाही, उंटिणीलाही नाही; ते बाळ भुकेने रात्रभर रडे आणि घरात कोणाला झोप नसे. मग त्यांनी आमिनांचे बाळ घेतले, आणि बरकत आली ती कशी सांगितली आहे? दोन्ही बाळे पोटभर प्याली आणि दोन्ही झोपली. आपल्या मीलादच्या कार्यक्रमांत दूध वाढल्याचे, मरतुकडी गाढवीण वेगाने चालू लागल्याचे वर्णन होते. दाईचे स्वतःचे बाळही त्या रात्री पोटभर प्याले, हे घाईत निघून जाते. आम्हाला आता वाटते, कथेचा जीव तिथेच आहे.

आणि ते नाते मजुरी दिल्यावर संपले नाही. हिजरी 8 साली हुनैनच्या लढाईनंतर हवाजिन टोळीची हजारो माणसे कैद झाली. त्यात हलीमांची मुलगी शैमा होती. तिने ओळख दिली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिच्यासाठी आपली चादर अंथरली. टोळीची माणसे आली तीही हाच वास्ता घेऊन, की ह्या कैद्यांत तुमच्या दुधाच्या मावश्या-आत्या आहेत. कैदी सुटले. मध्ये जवळजवळ साठ वर्षे गेली होती. उजरत कधीच चुकती झाली असेल. हक्क तरीही मागता आला, आणि मानला गेला.

आम्ही फार काही केलेले नाही. काकू आता मुलाला बरोबर आणतात. तो अम्मीच्या पलंगाखाली गाडी गाडी खेळतो, दुपारी तिथेच झोपतो. मुलगी शाळेत जाते आहे; त्या गुरुजींना आम्ही फोन करून ते घर कोणाचे हेही सांगितले. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं सर." पगार वाढवायचा ठरला तेव्हा मधल्या भावाने बाजारभाव काढला, नागपूरचे ब्युरो किती घेतात ते सांगितले. त्यातले बाईच्या हाती किती पडते, हे त्याला ठाऊक नव्हते. वाद अजून मिटलेला नाही. पण रविवारची सुट्टी मात्र ठरली: पूर्ण, पगारी. त्या दिवशी पाळीपाळीने तिघा भावांपैकी एकाने यायचे आणि अम्मीचे सगळे स्वतः करायचे, बायकोला न सांगता. अंघोळ आणि कपडे तेवढे बहीण येईल तेव्हा तिने पाहायचे, नाहीतर सोमवारपर्यंत थांबायचे, कारण अम्मीला मुलांसमोर लाज वाटते आणि ती लाज तिचा हक्क आहे.

पहिल्या रविवारी आमची पाळी होती. चादर चुकीच्या बाजूने ओढली, अम्मी कळवळली, मग हसली. म्हणाली, "उसका हाथ तुम लोगों से हल्का है."

येत्या रविवारी पाळी थोरल्या भाईजानची. काल रात्री त्यांचा नागपूरहून फोन आला. एका लग्नाला जायचे आहे. काकूंना त्या दिवसाचे दुप्पट पैसे दिले तर त्या येतील का, ते विचारून ठेवा म्हणाले. काकू नुकत्याच घरी गेल्या होत्या. आम्ही त्यांना अजून विचारलेले नाही.