तांदळाच्या धुवणाचा रंग

जपानच्या क्यूशू बेटावर आरिता नावाचं गाव आहे. डोंगरातला पांढरा दगड कुटायचा, पाण्यात निवळून त्याची माती करायची आणि त्या मातीची पातळ, नाजूक भांडी घडवायची, हा गावाचा चारशे वर्षांचा धंदा. त्यातलं काकिएमोन घराणं लाल रंगासाठी नावाजलेलं. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी या घाटाची भांडी युरोपात नेली आणि पुढच्या शतकात जर्मनीतल्या माइसनच्या कारागिरांनी त्यांच्या हुबेहूब नकला केल्या.

1960च्या सुमाराची गोष्ट धरा. या घाटाचं काम करणाऱ्या एका कारखान्यात एक पोरगा चित्रं काढायला शिकत होता. काही वर्षं त्याने नुसत्या रेघाच ओढल्या. हात बसला तेव्हा गुरुजींनी एक पांढरी थाळी त्याच्यापुढे ठेवली. पोराने तिच्या एका बाजूला राळ्याची कणसं काढली, खाली लाव्यांची जोडी. लावे असे उतरले की आता दाणे टिपतील. पण उरलेली थाळी त्याला ओकीबोकी वाटू लागली. आपण एवढं शिकलो ते दिसायला नको? त्याने तिथे शेवंती भरली, वर दोन फुलपाखरं बसवली.

गुरुजींनी थाळी पाहिली. रागावले नाहीत. "चल," म्हणाले, आणि त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेले. गुरुजींची बायको भातासाठी तांदूळ धूत होती.

"या पाण्याला आपल्याकडे काय म्हणतात?"

"निगोशी."

"आणि तुझ्या थाळीच्या मातीला?"

"निगोशिदे," पोरगा पुटपुटला.

साध्या पोर्सेलीनच्या पांढऱ्यात निळसर झाक असते. निगोशिदे मात्र तांदळाच्या धुवणासारखी, दुधाळ आणि ऊबदार. अठराव्या शतकात ती मागे पडली आणि पुढे कुणाला जमेना. लाल येत होता, हिरवा येत होता, लावे आणि शेवंती येत होती. हा पांढरा तेवढा हरवला होता. बाराव्या आणि तेराव्या काकिएमोनांनी, म्हणजे बाप-लेकांनी, वर्षानुवर्षं मातीची मिश्रणं करून पाहिली तेव्हा कुठे 1953मध्ये तो परत हाती आला. आजही ही माती फार हट्टी. वाळताना आणि भाजताना खूप आकसते, तडकते.

गुरुजी पोराला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे फुटक्या, वाकड्या थाळ्यांचा ढीग होता. एकीवरही रंगाचा ठिपका नव्हता.

"तुझी थाळी भट्टीतून धड बाहेर यावी म्हणून या गेल्या," ते म्हणाले. "झिलईवरचा रंग अजून भाजलेला नाही. पुसला तर जाईल. थाळी तुझी आहे, काय ते तू ठरव." आणि ते आत निघून गेले.

पोरगा ढिगाशी बराच वेळ बसून राहिला. मग त्याने ओलं फडकं घेतलं. फुलपाखरं गेली. शेवंतीची एकेक पाकळी गेली. लाव्यांसमोर पुन्हा मोकळं रान झालं, आणि आता ते कुठे बघताहेत ते दिसू लागलं.

1971 साली जपान सरकारने काकिएमोन घराण्याची ही कला महत्त्वाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली. त्या नोंदीत काकिएमोन या नावापुढे कंसात एकच शब्द आहे: निगोशिदे.