कृष्णाबाईच्या नावचा उतारा

ऑगस्ट 2019. पाणी ओसरलं होतं आणि मी पलूस तालुक्यातल्या एका गावात पंचनामे करत हिंडत होतो. तलाठी म्हणून माझी शेवटची वर्षं. भिंतीवरची गाळाची रेघ टेपनं मोजायची आणि लिहायचं: घर मातीचं, दोन खण, पूर्ण पडझड. एका आक्कांनी परड्यातली लिंबाखालची जागा दाखवली. "चार लेकरांच्या वारा हितं पुरल्यात भाऊसाहेब. कुठल्या रकान्यात लिवणार?" तसा रकाना नव्हता.

त्या साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45. ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढताना नाव उलटली. गाव उठवा, वर प्लॉट द्या, हे तेव्हापासूनचं बोलणं. कबूल. पण उठलेल्या गावठाणाचं काय करायचं? 1989 च्या पुरानंतर शेजारच्या कोल्हापुरात चिखली-आंबेवाडीला सोनतळीवर प्लॉट मिळाले, तरी 2019 ला चिखलीतून माणसं बोटीनं काढावी लागली. लोक हट्टी, असं म्हणून आम्ही सरकारी माणसं मोकळी होतो. मला वाटतं, अडतं ते आक्कांच्या लिंबापाशी. जागा सोडली की नातं तुटलं, असं आपणच त्यांना सांगत असतो.

नरसोबाच्या वाडीला असं कोणी मानत नाही. पाणी चढलं की दत्त महाराजांची उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या देवळात नेतात. पादुका जागच्या जागी, पाण्याखाली. पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा, स्नानाला ही गर्दी. देवानं जागा सोडली, असं कुणाच्या तोंडी येत नाही. मग माणसानं का वर जाऊ नये, लेकरांच्या वारा खाली ठेवून?

राहिली जमीन. महसूल संहितेत नदीनं कापून नेलेल्या जमिनीचा सारा कमी होतो, निदान अर्धा एकर गेली असली तर. म्हणजे नदी घेते हे कायद्यालाही ठाऊक आहे. देवस्थान इनामात देवाचं नाव भोगवटादार म्हणून लागतं, तसं रिकाम्या गावठाणाचा उतारा काढून कृष्णाबाईचं, म्हणजे नदीचंच, नाव का लावू नये? वाईला तिचा उत्सव होतो, पुरात बायका खण-नारळानं तिची ओटी भरतात. ओटीत घातलेलं कोणी परत मागत नाही.

हे एका वरिष्ठांना बोललो तर ते हसले. हसण्यात थोडं तथ्य होतं. देवाच्या नावच्या जमिनी वहिवाटदारांनी कशा गिळल्या ते मी नोकरीभर पाहिलंय, आणि देव तक्रार करत नाही. गंगा-यमुनेला 2017 साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं व्यक्ती ठरवलं, सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. नाव नदीचं लागलं, तरी तिच्या वतीनं अर्जावर सही करायला माणूसच लागणार. तो कोण, ते मला अजून सुचलेलं नाही. आक्कांसारखं कोणी असावं, एवढंच.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं तेव्हा आक्का वर लेकाकडं होत्या. पाणी उतरल्यावर खाली येऊन त्यांनी पडक्या खणांत, गाळातच, वांगी लावली. परवा गेलो तर पिशवीभर दिली. लिंबाखालची तेवढी जागा मोकळी ठेवलीय.